सुतक कोणाचे पाळले?

ती मुलगी ठाण्याच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती, हे आजही जसेच्या तसे आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दुपारसारखी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता आणि मी देवळीला ठाणेदार होतो. तळेगावच्या एका मोठ्या शेतकरी घरातली, वर्ध्याला शिकणारी मुलगी देवळीच्या कापड दुकानदाराच्या मुलाबरोबर निघून गेली. तिचे वडील हयात नव्हते. मुलगा देवळीचा म्हणून काकांनी माझ्याकडे मिसिंगची नोंद केली. मुलगी सज्ञान होती. असल्या प्रकरणात आमचे काम थोडके असते. शोधायचे, जबाब घ्यायचा, राजीखुशीने गेली असेल तर कागद बंद करायचा. घरच्यांना वाटते पोलीस पोरगी आणून हवाली करतील. पोरगी म्हणजे काय हरवलेली म्हैस आहे?

पुलगावच्या एका पानठेलेवाल्याने खबर दिली. दोघे नाचणगावला एका भाजीवाल्याच्या मळ्यात आहेत, आणि तळेगावची एक जीप सकाळपासून त्यांचा पत्ता विचारत फिरते आहे. जीपचे ऐकले आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. पुलगाव ठाण्याला कळवले, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो. जीपच्या आधी पोहोचलो, एवढे नशीब.

दोघांना देवळीला आणले. ठाण्यात मुलीने स्वच्छ जबाब दिला. स्वतःहून आले, याच्याशीच लग्न करायचे आहे. दोघांचे आडनाव एक होते. मी विचारले तर म्हणाली, गावे वेगळी, कूळ वेगळे. अशी घरे आमच्या भागात कितीतरी असतात, म्हणून मीही जास्त खोदले नाही.

तेवढ्यात काका आले. हा माणूस आरडाओरडा करणारा नव्हता, हीच पंचाईत. आपल्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांनी वंशावळ काढली होती. कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, जुन्या शाळेच्या नोंदी, सगळे जमवले होते. त्यातली शाळेची नोंद त्यांनी माझ्यापुढे ठेवली. दुकानदाराच्या मुलाचा आजोबा आणि मुलीचा आजोबा एकाच शाळेत, आडनाव एक, घर एक, पालक म्हणून नावही एकच. म्हणजे दोघे सख्खे भाऊ. त्या नावावर बोट ठेवून काका म्हणाले, "साहेब, हे भाऊ-बहीण होत. कोन्या तोंडानं लगन लावू?"

पणजोबा एक असेल तर असले लग्न कायद्यातही बसत नाही. मी मुलाच्या वडिलांना बोलावून विचारले. आम्ही तळेगावच्या मोठ्या घरचे, असे ते देवळीत सगळ्यांना सांगत आले होते. मुलाने त्या बापाच्या बढाया म्हणून सोडून दिल्या होत्या. आता वडील खाली मान घालून एवढेच म्हणाले, "कागदात हाय तं हाय."

मुलीने सगळे ऐकले. पुढ्यातल्या पोह्यांना तिने हात लावला नाही. थोड्या वेळाने महिला शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साहेब, ते म्हणते, तो माहा भाऊ निघाला तं मी विहीर जवळ करीन." ठाण्याच्या मागेच विहीर होती. मी तिथे एक शिपाई उभा केला, तरी माझे लक्ष काही बाकावरून हटेना.

कागदात कुठे चूक तर नसेल, असा विचार करता करता मी काकांशी उगाच घरच्या गोष्टी काढल्या. मुलीचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते, भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या सणाच्या तोंडावर. सुतकामुळे त्या वर्षी भाऊकीत कोणाकडेच महालक्ष्म्या बसल्या नाहीत, असे ते सहज बोलून गेले. मी म्हणालो, सुतकाचा निरोप कुठे कुठे धाडला होता? त्यांनी गावे मोजली. आष्टी, आर्वी, आणखी दोन-चार. देवळीचे नाव आले नाही. मी विचारले, "देवळीले काऊन नाई?"

काकांनी बोटांवर गावे पुन्हा मोजली. मग म्हणाले, "नाई... त्याइले कधी धाडतच नाई. बाबा असताना पन नाई."

मी बीट जमादाराला दुकानदाराच्या गल्लीत पाठवले. शेजारच्या बायांना त्या वर्षाचे सगळे आठवत होते. महालक्ष्म्यांचे नवे मुखवटे, आंबील, पुरण, आम्हीच तं जेवाले गेलतो म्हणाल्या. भाऊकीतला कर्ता माणूस मेला आणि या घरात पंगत उठली! शाळेची नोंद काही सांगो, सुतकात महालक्ष्म्या बसवण्याची हिंमत आमच्याकडे कोणी करत नाही.

दुकानदाराला मी आतल्या खोलीत नेले आणि सरळ विचारले. सत्य बाहेर आले ते असे. त्याचा आजा तळेगावच्या त्या घरी सालदार होता, वर्षाच्या करारावर राबणारा. जातीचाच, पण नात्याचा नाही. मालक भला माणूस. सालदाराचे पोर शाळेत घालताना त्याने पालक म्हणून आपलेच नाव लावले. तेच आडनाव पुढे चालले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही समजून घ्या, पन बाहेर सांगू नका. अर्धी जिंदगी मोठ्या घरचा म्हनून मिरवलो."

माझे डोके तापले. म्हणालो, तुमची शान घेऊन बसा, आणि त्या पोरीचे काही बरेवाईट झाले तर जबाबदार म्हणून तुमचेच नाव लिहितो.

तो उठला. बाहेर काका होते, जीपमधली माणसे होती, बाजारातले चार बघे होते. सगळ्यांसमोर तो मुलीपाशी गेला आणि म्हणाला, "पोरी, तू माह्या लेकाची बहीन नाई. माहा आजा तुमच्या घरचा सालदार होता."

पोरीने पहिल्यांदा मान वर केली. "खरं सांगता?"

"माह्या मायची आन."

काका ताडकन उठले. आता त्यांचा आवाज चढला. सालदाराच्या घरी आमची पोट्टी द्यायची का, म्हणू लागले. तासाभरापूर्वी ज्याला रक्ताचा भाऊ म्हणत होते, तो आता उंबऱ्याबाहेरचा झाला. मुलगी मात्र एकदम शांत. म्हणाली, "काका, तो भाऊ नाई, मले एवढंच पाह्यजे होतं."

पुरवणी जबाब घेऊन मी कागद बंद केला. लग्न नोंदणी पद्धतीने झाले, काका आले नाहीत.

पुढे वंशावळीचे कितीतरी वाद माझ्यापुढे आले. आपण कोणाचे, हे लोक फार हौसेने सांगतात. मी तिकडे लक्ष देत नसे. तुमच्याकडे कोणाचे सुतक पाळतात आणि तुमचे कोण पाळते, एवढेच विचारायचो. माणूस जिवंतपणी नाते वाढवून सांगेल, पण मरणाच्या वेळी निरोप बरोबर घरीच जातो.

एक गोष्ट मात्र अजून छातीवर आहे. ठाण्यात तो दुकानदार उघड खोटे बोलला नव्हता, नुसते खरे सांगितले नव्हते. सुतकाचा विषय निघाला नसता आणि त्याने तोंड उघडलेच नसते, तर कागद पाहून मीही त्या पोरीला हेच सांगितले असते, की बाई, तो तुझा भाऊ आहे.