गोजाबाईला फोन आला नाही

हॉस्पिटलातून फोन आला नाही, की तुम्ही काय समजता? सगळं ठीक आहे, असंच ना? मग गोजाबाईला अडाणी म्हणू नका. माझ्यासमोर तर नकोच.

गोजाबाई लातूरकडची. नवरा ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला, तेव्हा ती त्याच्यामागं चिखलीत आली, आमच्याच गल्लीत. जवळच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांना लागणारे रबरी सील बनतात. तिथं ती शेवटची तपासणी करायची. सील दिव्याखाली धरायचा, बोटांत फिरवायचा, कडेला चीर दिसली की लाल डब्यात. तिनं सोडलेला माल मोठ्या कंपनीत जायचा. तिथं एखादा खराब निघालाच, तर लाल चिठ्ठी लावून तिच्याच टेबलावर परत. परत आला नाही, म्हणजे पास. पास झाला हे सांगायला कुणी कधी आलं नाही. आपल्याकडं शिवी येते, शाबासकी कुठली येते?

गेल्या दिवाळीच्या आधी तिनं मला घरात बोलावलं, दार लोटून घेतलं.

"ताई, हितं छातीत कायतरी सुपारीएवढं लागायलंय."

मी तिला अंगावरच्या साडीनिशी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, गाठीत सुई घालून आतला बारीक तुकडा काढू, तो तपासू. मगच कळेल. पुढच्या आठवड्यात या.

बाहेर आल्यावर गोजाबाई म्हणाली, "मी न्हाई सुई लावून घ्यायची. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळती. शेजारची आक्काबाई म्हणत होती."

"आक्काबाई कुठल्या कॉलेजात शिकली गं?"

"तू तरी कुठल्या शिकलीस?"

खरं बोलली. मी सातवी नापास. पण ओरडून ओरडून तिला कबूल करायला लावलं.

त्याच मजल्यावर फरहीन बसायची. संशोधन करणारी पोरगी, गोड बोलणारी. गाठ असलेल्या बायकांचं थोडं रक्त अभ्यासासाठी मागत होती. मी विचारलं, कशाचा अभ्यास? मला कुणी रक्त मागितलं की आधी संशय येतो.

तिनं नीट समजावलं. आपल्या शरीरातल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांना एक्सोसोम म्हणतात. पेशीच्या आतला थोडा ऐवज त्यात भरलेला असतो. निरोगी पेशी सोडतात, तशा कॅन्सरच्याही सोडतात, आणि त्या रक्तात फिरतात. त्यातला ऐवज ओळखता आला, तर उद्या नुसत्या रक्तावरून कॅन्सर लवकर कळेल.

मला पटलं. आमच्या कुदळवाडीतला भंगारवाला इकबालभाई कंपनीतून आलेलं चुऱ्याचं पोतं उघडून सांगतो, आतल्या कंपनीत काय बनतंय. तसंच हे. फरहीननं हेही बजावलं होतं, "मावशी, हा फक्त अभ्यास आहे. याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही. सुईची तपासणी करायचीच." गोजाबाईनं मान डोलावली, अंगठा नाही, सही केली, रक्त दिलं.

पुढच्या आठवड्यात देहूरोडला कामावरून काढलेल्या पोरांचं धरणं होतं. मी कामगार संघटनेची, म्हणून तिकडं. परत आल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, "झाली तपासणी. पास हाय." चेहऱ्यावर इतकी खुशी की मीही पेढा खाल्ला.

उन्हाळ्यात तिचा डावा हात वर जाईना. कंबर दुखायची म्हणून वर्कशॉपमध्ये ती उभ्यानं काम करू लागली. एकदा ब्लाउजला गाठीच्या जागी पाण्यासारखा डाग दिसला. ज्योतीरामला घेऊन आम्ही हॉस्पिटल गाठलं.

फरहीन जिन्यातच भेटली. "मावशी, सुईची तपासणी कधी झाली?"

"कशाला करू? तू रक्त नेलंस की. तुझा फोन आला न्हाई. खराब असतं तर तू परत धाडलं नसतंस व्हय?"

फरहीनच्या हातातली पिशवी खाली गेली. ज्योतीराम एकदा गोजाबाईकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. मी त्या पोरीवर असा आवाज चढवला की वॉचमन धावत आला. गोजाबाईनंच माझा दंड धरला. "तिला कशाला बोलतीस? तिनं सांगितलं होतं. मलाच वाटलं, सांगायचं म्हणून सांगायलीय. माल खराब असला की माणूस कळवल्याबगर ऱ्हातंय का?"

या वेळी तिनं सुई लावून घेतली. कॅन्सर निघाला. हाडांत गेला होता, यकृतातही.

ज्योतीरामनं मोबाइलवर जाहिरात शोधून काढली. एक्सोसोमचं इंजेक्शन, कॅन्सर मुळापासून. फरहीन चिडली. म्हणाली, त्या पिशव्यांत औषध भरून थेट गाठीपर्यंत पोचवायचे प्रयोग चालू आहेत, पण कॅन्सरवर मंजूर झालेलं असं इंजेक्शन अजून कुठं नाही. हे लोक लुटतात.

"मग तूच भर की एक माझ्यासाठी," गोजाबाई हसत म्हणाली.

मग तिनं विचारलं, "माझं ते रक्त हाय का अजून?"

"आहे मावशी, फ्रीजमध्ये. पण आमची पद्धतच अजून पक्की ठरलेली नाही. त्यातून जे निघतं, त्यावरून कुणाला हो किंवा नाही सांगता येत नाही."

गोजाबाईनं बाही वर सारली.

"आणखी घे. आमच्या टेबलावर दोन पीस टांगलेले असतेत, एक चांगला, एक खराब. नव्या पोरीनं दोन्ही बघितल्याबगर तिला तपासणी जमत न्हाई. तुला खराब लागंल ना? घे."

फरहीननं डॉक्टरांना विचारलं, पुन्हा सही घेतली आणि रक्त घेतलं. घेताना तिला शीर पटकन सापडेना. गोजाबाई तिला म्हणाली, "हळू. घाई न्हाई मला."

श्रावणात गोजाबाई गेली. ज्योतीराम आता शिफ्टवरून येतो आणि दाराशीच बसतो. मी हाक मारली की म्हणतो, "ताई, एकदा तरी कुणी फोन करायला पायजे होता." माझा आवाज सगळ्या ऑफिसांत चालतो, त्या दाराशी चालत नाही.

संशोधनाला रक्त जरूर द्या. ते पुढच्या कुणाच्या तरी कामी येईल. पण ती तुमची तपासणी नव्हे. तुमच्या गल्लीत, तुमच्या लाइनवर एखादी बाई 'हॉस्पिटलचा फोन आला नाही' म्हणून निवांत बसली असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा, तिच्या घरी जा, आणि तिची सुईची तपासणी होईपर्यंत तिच्याजवळून हलू नका.