डोळे उघडे ठेवून

समुपदेशक बाईंनी आग्रह केला म्हणून मी त्या वर्गाला गेले. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांना तिथे हळूहळू, साध्या हालचालींतून आपल्या शरीराची ओळख करून देतात. नाशकात गंगापूर रोडला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर.

"हवं तर आडव्या व्हा, डोळे मिटा," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. बाकीच्या बायका चटईवर आडव्या झाल्या. मी उभीच.

माझं माहेर सटाण्याचं. वडिलांचे मावसभाऊ मार्केटला कांदा घेऊन आले की आमच्याकडेच मुक्कामाला राहायचे. मी तेव्हा चौथीत होते. तेव्हापासून मी उताणी झोपत नाही. भिंतीला पाठ लावून, कुशीवर झोपते. नवऱ्याला ती माझी सवय वाटते.

ताई जवळ आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "नाही झोपायचं तर नका झोपू. कुठे बरं वाटेल?"

"दाराजवळ. दार उघडं ठेवून."

"मग तिथेच बसा. डोळेही उघडे ठेवा. फक्त तळपाय जमिनीवर दाबून बघा."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. पाण्याचा जार घेऊन माणूस येत होता. मला ते कळत होतं, पण अंग ऐकेना. हललं तर मी जागी आहे हे त्याला कळेल, असं वाटलं. अगदी तेव्हासारखं. जार ठेवून तो गेला, तरी मी तशीच.

"तुम्ही नाशकात आहात," ताई म्हणत राहिल्या. "पाय दाबा."

बऱ्याच वेळानं पायाचा अंगठा हलला.

पुढे कित्येक आठवडे एवढंच चाललं. पाय दाबायचे, मान वळवून खोली बघायची, दोन्ही हात पुढे ढकलून 'नको' म्हणायचं. माझ्या तोंडून नुसती हवा निघायची.

मग भाचीच्या लग्नाला सटाण्याला गेले. मंडपात वडिलांचे ते मावसभाऊ काठी टेकत समोर आले. "वळखलं का पोरी?" म्हणत त्यांनी माझ्या डोक्याकडे हात नेला. मी एकदम मागे सरकले.

"हात लावू नका."

आवाज बारीकच निघाला. ते वळले. आई शेजारी होती, तिनं ऐकलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीकडे.

"कधी?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, बोलले की भीती जाईल. उलट हातपाय असे कापायला लागले, की आईनं दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं. मी सांगायला लागले तेव्हा माझे दात वाजत होते.