नांगर पास झाला

समोरच्या फ्लॅटमधले अण्णा तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासत होते. आता घरी बसून ते लाकडी जहाजाचं मॉडेल करतात आणि त्याचे पेरभर नांगर स्वतःच ओततात. कथील गॅसवर वितळवायचं, रबराच्या साच्यात ओतायचं, गार झालं की भिंगाखाली धरायचं आणि "रिजेक्ट!" म्हणून परत पळीत टाकायचं. दोन वर्षं जहाज नांगराविना उभं होतं.

परवा मात्र ते हसत आले. तळहातावर नितळ नांगर होता.

"निवृत्त होताना कंपनीनं दिलेली कथलाची शील्ड वितळवली," ते म्हणाले. "तिथला पास झालेला पहिला माल!"

मग त्यांची नजर माझ्या शोकेसकडे गेली. व्हाइटफील्डच्या ऑफिसनं मला सर्वोत्तम कर्मचारी म्हणून दिलेली ट्रॉफी तिथे चकाकत होती.

"स्वल्प... जरा बघू का?"

त्यांनी ती हातात तोलली, नखानं टकटक केली, बुडाशी खरवडून पाहिली. मग शर्टाच्या टोकानं पुसून होती तशी ठेवली.

"काय झालं, अण्णा?"

"प्लास्टिक आहे रे," ते हळूच म्हणाले.

रिजेक्ट म्हणाले असते, तर बरं वाटलं असतं.