तिरक्या नजरेने पाहिलेली दीर्घिका

फिलोमिना गेल्याचा तिच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी विरारच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. “मावशी, आई गेली... झोपेतच.” हातातला टॉवेल हातातच राहिला. त्याला आता महिना होऊन गेला. आम्ही एकाच शाळेत होतो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मुलं तिला ‘टीचर’ म्हणत, मला ‘बाई’.

तिला वेड होतं एका दूरच्या दंडसर्पिल दीर्घिकेचं. मधोमध जुन्या, पिवळसर ताऱ्यांचा सरळ पट्टा आणि त्याच्या दोन टोकांपासून वळत गेलेले, नव्या निळ्या ताऱ्यांचे दोन हात. तिथला प्रकाश इथे पोचायला पाच कोटींहून अधिक वर्षं लागतात, हे सांगताना वर्गात तिचा आवाज हळू व्हायचा. फोटो पुष्कळ पाहिले होते. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि नेमके डोळेच दगा देऊ लागले. नजरेचा मधला भाग पुसला गेला, कडा तेवढ्या उरल्या.

तिचा जुना विद्यार्थी नरेश चांदीपला शेतावर मोठी दुर्बीण ठेवतो. गेल्या जानेवारीत ती मला म्हणाली, “मला ने तिकडे.” लेक काळजीने म्हणाली, “आई, दिसलं नाही तर वाईट वाटून घेशील.” “न बघताही वाटतंच आहे की!”

चंद्र नव्हता त्या संध्याकाळी. नरेशने दुर्बीण दक्षिणेकडे वळवली. मला दिसला नुसता धुरकट डाग. “बाई, सरळ नका बघू, जरा बाजूला बघा. अंधूक गोष्टी नजरेच्या कडेने दिसतात,” तो म्हणाला. फिलोमिना हसली. “मग मला शिकवायला नको. मी रोज तेच करते.”

ती बराच वेळ वाकून होती. “पट्टा आहे... टोकाशी हात वळलाय. दुसराही... पण नरेश, हे उलटे कसे वळलेत? फोटोत असे नाहीत.”

नरेश पुढे आला. “टीचर, डोळा लावतो त्या नळीत एक जादा आरसा आहे. त्याने डावं-उजवं उलटतं. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.” म्हणजे ती आठवणीतला फोटो सांगत नव्हती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. “बघितली गं मी!”

परवा नंदाखालला तिच्या घरी गेले. केळीच्या बागेकडच्या ओटीवर तिची वेताची खुर्ची दाराशी तिरपी ठेवलेली आहे. येणाऱ्याचा चेहरा नजरेच्या कडेने दिसावा म्हणून ती तशीच बसायची. लेक ती सरळ करायला गेली. “राहू दे तशीच,” मी म्हटलं. तिने मग खुर्ची हलवली नाही. पदराने पुसली तेवढी.