विहिरीतल्या मासोळ्या

मुलांनो, तुमच्याकडे डेंग्यू आलाय हे कळलं आणि आपली नालवाडीची विहीर आठवली. चिकनगुनियानं तुमचे आजोबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आरोग्यसेवक विहिरीत गप्पी मासे सोडायला आला. आमचं घर शाकाहारी. सासूबाईंनी त्याची बादलीच धरली. "प्याच्या पाण्यात मासोया काऊन टाकून राह्यला रे?" "आजी, त्या डासाच्या अळ्या खातेत." "आन मेल्या तं? थे पाणी पाजतं का आमाले?" त्यानं अंगणातल्या रांजणाचं वळवळतं पाणी परातीत ओतून त्यात एक मासा सोडला. सासूबाई डोळे बारीक करून पाहत राहिल्या. अळ्या संपल्यावर त्यांनी बादली सोडली, संशय मात्र सोडला नाही. पुढे पाणी न्यायला येणाऱ्या प्रत्येक शेजारणीच्या घागरीत त्या डोकावत, "मासोयी तं नाई नेऊन राह्यली वं?" घरोघरी नळ आले, त्या विहिरीचं पाणी आता कोणी पीत नाही; मासे अजून आहेत.