गाळ आणायला चाकणच्या पुढे

लोक चाकणच्या पुढे भीमाशंकरला जातात, किल्ले बघायला जातात, काही जण नुसते प्लॉट बघायला जातात. आम्ही गाळ आणायला गेलो. असल्या सहलीचं वर्णन मला कुठल्याच ब्लॉगवर सापडलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

आमच्या चिखलीच्या घराच्या गच्चीवर माझी एक सिमेंटची टाकी आहे. तिच्यात कमळ, तळाला गोटे, गोट्यांवर शेवाळ, थोड्या गोगलगाई आणि एक केशरी गोल्डफिश. हा मासा दिवसभर कडेकडेने फिरून सगळ्यांचं काम तपासत असतो, म्हणून त्याचं नाव मुकादम. नाव आप्पांनी ठेवलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे चिखलीचेच, शेतकऱ्याचं घर, पण जन्म सगळा कंपनीत शॉपफ्लोअरवर गेला. रिटायर झाले तरी फाइव्ह एस काही सुटलं नाही. ज्यांच्या घरात कंपनीवाला नाही त्यांच्यासाठी सांगते, फाइव्ह एस म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर लावा आणि सगळं चकाचक ठेवा. आमच्या फ्रिजमधल्या बरण्यासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात.

मी शाळेच्या ट्रेनिंगला बाहेरगावी गेले आणि आप्पांची नजर टाकीकडे वळली. परत येऊन बघते तर टाकी नव्या वॉशबेसिनसारखी लखलखीत. गोटे कढत पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, लहान-मोठे वेगळे करून लावलेले. शेवाळ खरवडून काढलेलं. गोगलगाई एका डब्यात आणि डब्याला, कंपनीत नको त्या वस्तूला लावतात तसं, लाल कार्ड, त्यावर ‘अनावश्यक’. आणि टाकीवर पांढऱ्या पेंटने ‘मासे’, म्हणजे कुणाचा घोटाळा व्हायला नको. आप्पा शेजारी उभे होते आणि कौतुकाची वाट बघत होते. मी म्हटलं, "छान झालंय." दुसरं काय म्हणणार?

पुढच्या काही दिवसांत पाणी ताकासारखं झालं आणि मुकादम पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला.

"पान्यात खोट हाय," आप्पा म्हणाले. "नळाचं पानीच न्हाई बरोबर."

मी सहावीला विज्ञान शिकवते. सजीव आणि निर्जीव घटक फळ्यावर दोन रकान्यांत लिहून दरवर्षी हात दुखवून घेते. म्हटलं, "आप्पा, ते थोडंफार आहेच. पण गोट्यांवर जे बुळबुळीत होतं ना, ते जिवंत होतं. माशाची घाण तेच संपवत होतं. आता घाण तशीच साठतेय आणि तीच त्याला बाधतेय."

"गोटा निर्जीव."

"गोटा निर्जीवच आहे. पण त्यावर राहणारे जिवंत आहेत. त्यांना बसायला गोटा लागतो."

आप्पांनी एक धुतलेला गोटा उचलून उलटापालटा करून बघितला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी सगळी शिफ्टच घरी पाठवली म्हन की."

पण चुकलं असं काही म्हणाले नाहीत. आप्पांनी ‘चुकलं’ हा शब्द आजवर कुणापुढे उच्चारलेला मी ऐकलेला नाही. आमच्या सासूबाई तो ऐकायची वाट बघत बघत गेल्या. त्या दिवशी मात्र आप्पांनी चहाला तोंड लावलं नाही. मुकादम मेला तर हा माणूस आतून मोडेल आणि तरीही पाण्यालाच दोष देत बसेल, याची मला जास्त धास्ती वाटली.

टाकीतला पहिला गाळ आणि पहिले गोटे माझ्या माहेरच्या हौदातून आणलेले. माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठी. पुन्हा तिथूनच गाळ आणायचा आणि मुकादमला थोडा वेळ त्या हौदात सोडायचं ठरलं. नवऱ्याची शिफ्ट होती, म्हणून गाडी मी काढली. शेजारी आप्पा, त्यांच्या मांडीवर बादली, बादलीत मुकादम.

आता जाणाऱ्यांसाठी दोन उपयोगी गोष्टी. चिखलीतून मोशीमार्गे नाशिक रस्त्याला लागा आणि कंपन्यांच्या बस सुटायच्या आधी चाकण ओलांडा. आम्हाला हे माहीत होतं आणि तरी आम्ही बरोबर बसच्या वेळेला चाकणच्या चौकात जाऊन अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये आम्ही. आप्पा पाण्यात हवा मिसळावी म्हणून तांब्याने पाणी उपसून उंचावरून परत बादलीत सोडत होते. बाजूच्या बाइकवाल्याने खिडकीतून वाकून बघितलं.

"काका, काय चाललंय?"

"मासा गुदमरलाय."

"आमी बी गुदमरलोय राव," तो म्हणाला आणि दोन ट्रेलरच्या फटीतून निघून गेला.

चाकण सुटल्यावर मिसळ खा. एका प्लेटमध्ये पोट भरतं, पण तर्री आधी चाखून बघा. बादली गाडीत उन्हात ठेवायला आप्पा तयार होईनात, म्हणून ती हॉटेलात आमच्या बाकावर बसली. वेटरने एकदा आत डोकावलं आणि टेबलावर पाण्याचे तीन ग्लास ठेवले.

माहेरी दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, हौदापाशीच उभा होता. हा हौद दगडी, गुरांना पाणी पाजायचा. पाणी हिरवं, कडेला शेवाळाची गादी, तळाला वीतभर गाळ, मध्येच काहीतरी वळवळतंय. आप्पांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"आप्पा, पुसू नका," दादा म्हणाला. "ह्यो असाच आसतोय."

हौदातलं पाणी थोडं थोडं करून बादलीत घातलं, माशाला सवय होऊ दिली, मग मुकादमला सोडलं. तो सरळ शेवाळात घुसला आणि दिसेनासा झाला. आप्पा काठावर बसून राहिले. वहिनीने जेवायला हाक मारली, ते उठले नाहीत. म्हैस पाणी प्यायला आली तर तिला त्यांनी अडवलं. म्हशीने त्यांना बाजूला सारलं, मनसोक्त पाणी प्यायली आणि जाता जाता हौदाच्या बाजूलाच शेण टाकून गेली. आप्पांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात शेवाळातून केशरी शेपूट बाहेर आलं. मुकादम गोट्यावरचं काहीतरी टोचून खात होता.

"खातोय," आप्पा म्हणाले. ते काठावरून उठले. मग म्हणाले, "जेवायला वाढा."

दादाने सुचवलं की टाकी पुन्हा रुळेपर्यंत मासा इथेच राहू दे. मला लग्नानंतर माहेरी सलग चार दिवस राहायला मिळालेलं नाही आणि हा मासा पाहुणा म्हणून राहिला, तेही म्हशीच्या शेजारी.

जेवल्यावर आम्ही बुळबुळीत गोटे, ओंजळभर गाळ, शेवाळ आणि गोगलगाई गोळा केल्या. आप्पांनी आधी वहिनीकडे चिमटा मागितला. नंतर शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. परतीच्या वाटेवर डबा कलंडला असावा, कारण चाकणच्या चौकात एक गोगलगाय गियरवर पोचली. ती तिथवर चढेपर्यंत आमची गाडी जागची हलली नव्हती.

घरी आल्यावर नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून, उन्हात ठेवून मग टाकीत भरलं आणि गोटे, गाळ, सगळं आत सोडलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज सकाळी टाकीत चिमूटभर खाणं टाकायला लागले.

"आप्पा, मासा नाहीये."

"तुझ्या त्या गोट्यावरच्यांना कोन घालनार?" ते म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांचं बरोबर होतं.

गोटे बुळबुळीत झाले, पाणी नितळलं, तसे आम्ही परत जाऊन मुकादमला घेऊन आलो. या खेपेला बस सुटायच्या आधी चाकण ओलांडलं.

जाऊ का असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जा. बघायला तिथे काही नाही. एक हौद आहे आणि त्यात पाणी, दगड, शेवाळ, मासा, म्हैस यातलं कोण कुणावर जगतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सहावीच्या फळ्यावर मी आता दोन रकाने काढते आणि मधली रेघ पुसून टाकते. मुलं म्हणतात, मॅडम, चुकून पुसलं.

परवा चहा घेऊन गच्चीवर गेले. आप्पा टाकीपाशी उकिडवे बसले होते. पाणी हिरवट झालंय, कडेने शेवाळ धरलंय. मुकादम त्यांच्या बोटापाशी तोंड नेऊन थांबला होता. आप्पांना वाटलं, गच्चीवर कुणी नाही.

"चुकलं बाबा माझं," ते माशाला म्हणाले.

मी आवाज न करता चार पायऱ्या खाली उतरले, बांगड्या वाजवल्या आणि पुन्हा वर आले.