जोडावरचं पाणी

स्लॅबवर चढायच्या आधी पाणीवाली मावशी चपला खाली काढून ठेवायची. त्यात भक्तिबिक्ती काही नव्हती. तिला तळपायानं स्लॅब बघायचा असायचा. मे महिन्यात आमच्या हर्सूलच्या गच्च्यांवर कावळासुद्धा उतरत नाही, अशा उन्हात ही बाई अनवाणी, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "इथं पोकळ हाय." गवंडी हातोडीनं ठोकून बघायचा. पोकळ निघायचंच. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. नाहीतर मी शाळेत विज्ञान शिकवणारी, असल्या गोष्टींना पटकन मान डोलावणारी नव्हे.

तिचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. उभा जन्म तिनं बांधकामांवर काढला. आधी डोक्यावर घमेली वाहिली, मग नव्या स्लॅबला पाणी मारायचं काम तिच्याकडं आलं ते कायमचंच. स्लॅब पडला की त्यावर सिमेंट-वाळूच्या छोट्या पाळी घालायच्या, त्यात पाणी साठवायचं आणि ते आटू द्यायचं नाही, एवढंच ते काम. कुणालाही जमेल असं वाटतं, म्हणूनच कुणी नीट करत नाही. "सिमेंटला तहान लागती पोरी," ती म्हणायची. "लेकरू रडून मागतं. ह्याला तोंड नाय, म्हणून आपण ध्यान ठिवायचं."

माझा तिच्याशी खरा संबंध आला तो आईच्या खोलीपायी. आई फुलंब्रीला एकटी राहायची. एकदा न्हाणीत पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत अर्धा दिवस तशीच ओल्या फरशीवर होती. त्यानंतर मी तिचं काही ऐकलं नाही, सरळ उचलून इकडं आणली. घरामागं थोडी मोकळी जागा होती. जुन्या घराचं छत तिकडं वाढवायचं आणि खाली आईची खोली करायची असं ठरलं. रामभाऊ ठेकेदारानं काम घेतलं. स्लॅब पडला, गिलावा झाला, आई हौसेनं खोलीत राहायला गेली. आणि दोन महिन्यांत अवकाळी पाऊस आला तो जुन्या-नव्या छताच्या जोडातून थेट तिच्या अंथरुणावर.

मग आमची जी जुंपली, ती काय सांगू. रामभाऊ म्हणाला, "मॅडम, तुमचा जुना स्लॅबच झिरपतोय. माझ्या कामात खोट नाय." मी म्हटलं, तो जुना स्लॅब इतकी वर्षं कोरडा ठणठणीत होता, तुम्ही हात लावल्यावरच बरा झिरपायला लागला. त्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही पाणी नीट मारलं नसंल." "तीन आठवडे, रोज, न चुकता मारलंय," मी वर्गात बोलते त्या आवाजात ठणकावलं. मी वकिलाच्या नोटिशीची भाषा केली, त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं.

या सगळ्यात आईनं गुपचूप पिशवी भरून ठेवली. "माझ्यापायी भांडणं नकोत बाई. मी आपली जाते फुलंब्रीला," ती शांतपणे म्हणाली. मला ती न्हाणीतली ओली फरशी दिसायला लागली. त्याच पावली मावशीचं घर गाठलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोर्टाचा निकाल लागस्तोवर म्हातारीला कुठं ठिवतीस?" तिनं रामभाऊला निरोप धाडला. माझे वीस फोन न उचलणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मावशीचा निरोप टाळायची छाती आमच्या भागातल्या एकाही ठेकेदाराची नव्हती.

चूक कुणाची हे तिनं विचारलंच नाही. आम्ही दोघं तावातावानं सांगायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हा. पाणी सांगंल." पावसाच्या पाण्याची नळी तिनं बुजवायला लावली आणि गच्चीवर पाळी घालून तीन वाफे केले: एक जुन्या स्लॅबवर, एक नव्यावर आणि मधला लांबट वाफा जोडावर. टँकर मागवला. पहिल्या दिवशी फक्त जुना वाफा भरला. खाली आईची खाट सरकवून मी आणि रामभाऊ एकमेकांकडं न बघता छताकडं बघत बसलो. थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नवा भरला. थेंब नाही. रामभाऊनं मिशीवरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी मावशीनं जोडावर पाणी सोडलं आणि दुपारच्या चहाआधी टप्प झालं.

पाणी काढून टाकल्यावर ती जोडावरून अनवाणी चालली. दोनदा चालली. मग रामभाऊला वर बोलावलं. तो उतरला तो मान खाली घालून. मग मला बोलावलं.

"जोडाला पाणी मिळालं नाय पोरी," ती हळूच म्हणाली. नखानं तिनं वरचा थर खरवडला, तो पिठासारखा भुरभुर सुटला. "किती दिस मारलंस?"

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. टाकीतलं पाणी धुण्याभांड्यांना पुरवायचं की स्लॅबला पाजायचं? चार दिवस भरलं, नंतर संध्याकाळी पाइपानं नुसता शिडकावा केला, तोही पाइप पोचेल तिथवर. जोडापर्यंत तो पोचत नव्हता. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाईपुढं मात्र तोंडातून गेलं, "चार."

"व्हय. आता हे तुझ्यापाशी ठेव, अन् रामाला एक शब्द बोलायचा नाय. जा, चहा टाक."

मी शरमेनं अर्धी झाले. खाली येऊन माफी मागणार, तर रामभाऊच आधी म्हणाला, "मॅडम, जोड फोडून नव्यानं करून देतो. उद्याच सुरू करतो." माझी चूक असून हा माणूस एवढा मोठेपणा दाखवतोय, असं वाटून मला भरून आलं. मी म्हटलं, "पाणी मी मारीन. टँकर आणून, उभी राहून मारीन." तोही माझ्याकडं चमकून बघत राहिला. तीन आठवडे मावशी रोज सकाळी यायची, चपला काढायची, वर जायची आणि काही न बोलता उतरायची. तिचं न बोलणं म्हणजे पास. आईनं पिशवी रिकामी केली.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिच्या जलदान विधीला मी गेले तर शेजारी रामभाऊ येऊन बसला. वंदना सुरू व्हायची होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्या टायमाला चूक माझी होती. जुन्या स्लॅबची कड टोचून खडबडीत करायला पायजे, तवा नवा माल धरतो. मी घाईत तसाच ओतला. मावशीनं मला वर नेऊन दाखवलं अन् म्हणली, मॅडमला बोलायचं नाय, मुकाट्यानं करून दे."

मग मी माझे चार दिवस त्याला सांगितले. तो रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसत बसला. आम्हा प्रत्येकाला तिनं ज्याची त्याची चूक तेवढी दाखवली होती, आणि आम्ही दोघं इतकी वर्षं समोरच्याला देवमाणूस समजत होतो.

भिक्खू गाथा म्हणू लागले. मावशीच्या लेकीनं मोठ्या भांड्यातल्या वाटीत तांब्यानं संथ धार धरली, आणि तिच्यामागं एकेक जण हात लावायला पुढं झाला. आमची पाळी आली तेव्हा तांब्या आम्ही दोघांनी मिळून धरला. वाटी भरून पाणी चारी अंगांनी वाहायला लागलं तरी आमचे हात हलले नाहीत.

आईची खाट अजून त्या जोडाच्या बरोबर खाली आहे. तिनं ती मुद्दाम तिथं लावून घेतली.